संत अंतोनी किल्ल्या शोधायला नव्हता

चावी हरवली की संत अंतोनीला हाक मारायची, सापडली की मेणबत्ती लावायची. या भक्तीची मला आता चीड येते.

कारण हा माणूस सावकारांच्या मागे लागलेला होता. जन्म लिस्बनचा, 1195च्या आसपास. पुढे फ्रान्सिसकन झाला आणि इटलीत पोचला. 1231च्या उपवासकाळात पादुआत तो रोज प्रवचन देई. गर्दी चर्चमध्ये मावेना, म्हणून मैदानात. त्याच मार्चमध्ये, त्याच्याच विनंतीवरून, शहराने कायदा केला: कर्जदाराने आपली मालमत्ता देऊन टाकली, तर निव्वळ कर्जापायी त्याला तुरुंगात डांबायचं नाही. तेराव्या शतकात!

13 जूनला तो गेला, जेमतेम पस्तिशीत. वर्षाच्या आत संतपद मिळालं. 1263मध्ये थडगं उघडलं, तर म्हणे जीभ शाबूत होती. ती अजून पादुआच्या बॅसिलिकात काचेआड आहे. जीभ जपली, बोलणं विसरले.

‘साधी माणसं आहेत, मागू दे की चावी,’ असं कुणी म्हणेल. मागू दे. पण लोन अ‍ॅपवाल्यांनी नातेवाइकांना फोन करून ज्याची अब्रू काढली, असा पोरगाही त्याच पुतळ्यापुढे गुडघे टेकतो. त्याच्यासाठी हा कायदा कुणी वेदीवरून सांगितलेला मी तरी ऐकला नाही. सणाला अंतोनीचा पाव वाटता ना? मग वाटून झाल्यावर तो कायदाही सांगा. दोन मिनिटं लागतील.