उपचारांची पुस्तके औषध कंपन्यांनी का वाटावीत?



प्रतिजैविकांच्या बेसुमार वापराबद्दल डॉक्टरांना जाब विचारणारा मजकूर गेले काही दिवस आपल्या अंकात येत आहे. दोष डॉक्टर आणि उतावीळ रुग्णांच्या माथी मारला जातो आणि चर्चा तिथेच थांबते. औषध लिहिण्याआधी डॉक्टर ज्या पुस्तकात बघतो ते त्याच्या हाती कोण देते, हे मात्र कोणी विचारत नाही. केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने मार्च २०२४ मध्ये औषधविक्रीची आचारसंहिता जाहीर केली. डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर तिने बंदी घातली, याचे स्वागतच आहे. पण प्रत्येकी एक हजार रुपयांपर्यंतच्या काही वस्तू देण्याची मुभा कंपन्यांना ठेवली आणि त्या यादीत दिनदर्शिका व डायऱ्यांच्या रांगेत पुस्तके आणि चक्क उपचारांच्या मार्गदर्शिकाही बसवल्या! कोणत्या संसर्गाला कोणते औषध, किती दिवस, हे सांगणारे पान ते औषध विकणाऱ्यानेच छापून द्यावे, याला सरकारची हरकत नाही. माझी हरकत आहे.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतील की, आम्ही काही एका पुस्तिकेने विकले जात नाही. प्रामाणिकपणाबद्दल शंका नाहीच. अशा पुस्तिकेत एकही वाक्य खोटे नसेल, पण त्यात काय नसते ते पाहावे. साध्या सर्दीला आणि बहुतेक जुलाबांना प्रतिजैविक लागतच नाही, हे पान छापण्यात कोणत्याच कंपनीचा फायदा नाही. लेप्टोवरच्या डॉक्सिसायक्लिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधासाठी कोण पुस्तिका काढणार? शिवाय ही माहिती लवकर शिळी होते आणि मुलखागणिक बदलते. टायफॉइडवर एकेकाळी हुकमी ठरलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनला आपल्याकडचे जंतू आता बहुतांशी दाद देत नाहीत, त्यामुळे जुनी किंवा परदेशातली आवृत्ती डोळे मिटून वापरता येत नाही. माकडतापाचा विषाणू २०१६ पासून सिंधुदुर्गात लोकांना आजारी पाडतो आहे आणि बळी घेतो आहे, गोव्यातल्या सत्तरीतही तो आहे. त्याचा नमुना कुठे आणि कसा पाठवायचा, हे दोडामार्गच्या डॉक्टरला जाडजूड अमेरिकन ग्रंथ सांगणार नाही. कर्करोगाच्या औषधांचेही तेच. केमोथेरपी मुंबईत होते, पण मधल्या दिवसांत ताप गावी येतो. पांढऱ्या पेशी घटलेल्या त्या रुग्णाला तासाभरात शिरेतून प्रतिजैविक मिळाले नाही तर जीव जाऊ शकतो. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या बाईंना लघवीच्या संसर्गावर को-ट्रायमोक्साझोल दिले, तर अस्थिमज्जेचे काम धोकादायकरीत्या मंदावू शकते. दोन्ही औषधे रोजच्या वापरातली आहेत. ती एकत्र देऊ नका, हे सांगणारे निःपक्ष पुस्तक टेबलावर हवे.

दुसरा आक्षेप असा की, आता सगळे मोबाइलवर मिळते आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शिका तर फुकट आहेत. खरे आहे. परिषदेने प्रतिजैविकांच्या मार्गदर्शिकेची दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने तिशीहून अधिक संसर्गांवरचे पुस्तक २०२२ मध्ये मोफत खुले केले. पण संकेतस्थळावर फाइल ठेवली म्हणजे ती साठ रुग्णांच्या ओपीडीत पोहोचली असे होत नाही. कंपनीचा प्रतिनिधी मात्र नेमाने दारात हजर असतो. पैशाचे कारणही पटत नाही. ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत सुमारे तेरा हजार नियतकालिकांसाठी तीन वर्षांना सहा हजार कोटी रुपये मंजूर झाले, ते सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर त्यात कुठेच नाही, आणि बहुतेक रुग्ण आधी त्याच्याकडेच जातात. ब्रिटनमध्ये औषधांचा राष्ट्रीय संदर्भग्रंथ वर्षातून दोनदा नव्याने निघतो आणि तिथल्या डॉक्टरांना तो संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. आपल्या राष्ट्रीय औषधसूचीची तिसरी आवृत्ती १९७९ ची, आणि चौथीला २०११ उजाडले! मधल्या तीन दशकांत एचआयव्ही आला, औषधांच्या कित्येक पिढ्या बदलल्या. ती पोकळी कंपन्यांच्या पुस्तिकांनी भरली, यात नवल नाही.

 

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याच वेळी संसर्ग, विषाणू आणि कर्करोगाच्या औषधांवरची छापील मार्गदर्शिका प्रत्येकाच्या हाती द्यावी आणि दरवर्षी तिची पुरवणी पाठवावी. केंद्राने आचारसंहितेतील त्या यादीतून पुस्तके आणि उपचारांच्या मार्गदर्शिका तातडीने वगळाव्यात. आपल्या खासदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात विचारावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा