‘अजरख प्रिंट’ म्हणजे अजरख नव्हे

सध्या इन्स्टाग्रामवरच्या प्रत्येक दुसऱ्या बुटिकमध्ये ‘सस्टेनेबल अजरख कुर्ती’ दिसते. चारशे-पाचशे रुपयांत, तीही सवलतीत. माझं म्हणणं सरळ आहे. एवढ्या पैशांत हाताने छापलेलं, नैसर्गिक रंगांचं अजरख मिळूच शकत नाही. त्यामागचं काम बघा.

कच्छमधल्या धमडका आणि अजरखपूर या गावांतले खत्री कारागीर हे कापड करतात. कोरं कापड आधी एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्यांच्या मिश्रणात मुरवून धुतात. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. (हिरडा आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातही होतो.) चुना आणि डिंकाची खळ लाकडी ठशांनी छापली की तेवढ्या भागावर रंग चढत नाही. काळ्या रंगासाठी भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवतात. शिवाय नीळ, लाल रंग, आणि मधे मधे धुणं, वाळवणं. सगळं मिळून १४-१५ पायऱ्या आणि काही आठवडे. ऊन नसेल तर काम थांबतं.

ही पद्धत आपोआप टिकलेली नाही. रासायनिक रंग आले तेव्हा या घरांनीही ते घेतलेच. १९७०च्या दशकात धमडक्याच्या मोहम्मद सिद्दीक खत्रींनी जुने रंग पुन्हा सुरू केले आणि मुलांना शिकवले.

तरी सगळं गोड नाही. अजरखला पाणी फार लागतं. २००१च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडू लागले, म्हणून अनेक कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर वसवलं. तेव्हा नुसते ‘नैसर्गिक रंग’ पाहून कुणालाही पर्यावरणस्नेही म्हणू नये. रंगाचं पाणी कुठे जातं, ठसा मारणाऱ्याला दिवसाला काय मिळतं, हेही विचारावं. छोट्या कारागिराला ते विचारता तरी येतं. त्याचं घर आणि त्याचं पाणी त्याच गावात असतं. तीच नक्षी स्क्रीनवर हजारो मीटर छापणाऱ्या कारखान्याला कोण विचारणार?

ज्यांना परवडत नाही त्यांनी स्क्रीन प्रिंटच घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. त्यावरही कुणाचं तरी पोट चालतं. पण घरबसल्या कपडे विकणाऱ्या कितीतरी मुली आपल्यात आहेत. त्यांनी निदान टॅगवर ‘स्क्रीन प्रिंट’ असं स्पष्ट लिहावं, आणि घाऊक व्यापाऱ्याला माल कुठल्या गावचा, कुणी छापलेला, हे विचारल्याशिवाय ‘अजरख’ हा शब्द वापरू नये.