लक्ष्मीबाई टिळकांची आठवण

लक्ष्मीबाईंचें नांव निघालें कीं 'रेव्हरंड टिळकांच्या पत्नी' एवढेंच सांगून पुष्कळजण थांबतात. हें आम्हांस रुचत नाहीं. १८९५ सालीं पतीनें बाप्तिस्मा घेतला तेव्हां सोवळ्यांत वाढलेल्या या बाईंवर आकाश कोसळलें. पुढें १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो मनाशीं झगडून, स्वतःच्या विचारानें. पतीमागें फरफटत जाऊन नव्हे.

चिरंजीव देवदत्तांस वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें, म्हणून उतारवयांत त्या आठवणी लिहूं लागल्या. त्यांची 'स्मृतिचित्रें' झालीं. त्यांत वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक आहे, पतीचा विक्षिप्तपणा आहे, आणि स्वतःची फजिती तर पानोपानीं! प्रार्थनामंदिरांत मृतांचे नुसते गुणच ऐकून आमचे कान किटले आहेत. या घरांत मात्र भांडणें आहेत, आणि तरीही तें घर देवाचेंच वाटतें.