भिंती जुन्या, भाडे नवे

बर्लिनमध्ये घर मिळाल्याचा मुलीचा फोन आला, तेव्हा तिचा आनंद नोकरी लागली त्या दिवसापेक्षा मोठा होता. आठ महिने शोध चालू होता. पुढे आम्ही दोघे महिनाभर तिच्याकडे राहून आलो, तेव्हा त्या आनंदाचा अर्थ कळला.

इमारत पहिल्या महायुद्धाच्या आधीची. रस्त्याकडे नक्षीदार दर्शनी घर, कमानीतून आत गेले की फरसबंद चौक, चौकापलीकडे मागचे घर. जेम्स होब्रेख्टच्या १८६२ च्या नगररचनेनंतर बर्लिनमध्ये अशा हजारो इमारती उभ्या राहिल्या. पुढे साहेबलोक, मागे कारखान्यातले कामगार. चौक किती मोठा असावा? निदान ५.३४ मीटर लांब-रुंद, म्हणजे आगीचा बंब वळेल एवढा. उजेडाचा विचार नव्हता. गिरगावात वाढलेल्या माणसाला हे हिशेब समजावून सांगावे लागत नाहीत.

छत उंच, जमीन लाकडी, आणि स्वयंपाकघर रिकामे! आधीच्या भाडेकरूने ओटा, बेसिन, कपाटे, दिवेसुद्धा उचलून नेले होते. छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. तिकडे हा रिवाजच आहे. पहिले काही दिवस पोरांनी बाथरूममध्ये भांडी घासली. त्याआधी कागदपत्रे : तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, कर्ज थकवलेले नाही याचा दाखला, आणि अनामत. ही अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत सरकारदरबारी पत्ता नोंदवायचा, त्यासाठी मालकाची लेखी पुष्टी हवी. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचे नाही. बँकेत जन्म काढलेल्या मला हे सारे पसंत पडले, हे कबूल करतो.

खटकले ते निराळेच. पहिल्या मजल्यावर एक आजीबाई राहतात. चार खोल्या, एकट्या. चौथ्या मजल्यावर आमची मुलगी, जावई आणि दोन नाती दोन खोल्यांत. आणि आजीबाईंचे भाडे मुलीच्या भाड्यापेक्षा कमी! त्या तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आल्या, एवढेच कारण.

जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात, बर्लिनमध्ये तर दहापैकी आठांहून अधिक घरे भाड्याची आहेत. त्यामुळे भाडे हा तिथे निवडणुकीचा विषय असतो. राहत्या भाडेकरूला कायद्याचे भक्कम कवच आहे : मालकाला सबळ कारणाशिवाय काढता येत नाही, आणि बर्लिनसारख्या टंचाईच्या शहरात भाडे तीन वर्षांत १५ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. नव्याने येणाऱ्यासाठी २०१५ मध्ये ‘भाड्याचा ब्रेक’ आला. नवा करार परिसरातल्या रूढ भाड्याच्या दहा टक्क्यांहून वर जाऊ नये, असा तो नियम. २०२५ मध्ये त्याची मुदत २०२९ अखेरपर्यंत वाढवली. पण त्यात वाटा ठेवलेल्या आहेत : २०१४ च्या ऑक्टोबरनंतरची नवी घरे वगळली, संपूर्ण नूतनीकरण केलेले घर पहिल्यांदा देताना सूट, तात्पुरत्या वापरासाठी दिलेले घरही मोकळे. मालकांनी या वाटा बरोबर हुडकल्या.

बर्लिनने २०२० मध्ये भाडी थेट गोठवून पाहिली. एप्रिल २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. राज्याला तो करण्याचा अधिकारच नव्हता. त्याच सप्टेंबरात बड्या कंपन्यांची घरे सरकारने ताब्यात घ्यावीत, असा कौल मतदारांनी सार्वमतात दिला. पुढच्या काही वर्षांत एकही घर त्यामुळे ताब्यात आले नाही.

गोठवण्याचा प्रयोग मुंबईने फार आधी केला. १९४७ च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला खिळवली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदींवर कोरडे ओढले, २००० पासून नवा कायदा लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली. तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना, आणि मधल्या मध्ये पागडीचा व्यवहार फोफावला. टेकूवर उभ्या चाळी आपण पाहिल्याच आहेत. बर्लिनमध्ये भाडे हळूहळू का होईना वाढते, म्हणून शंभर वर्षांच्या भिंतींना रंग लागतो. हा फरक लहान नाही.

रंगाच्या पुढे मात्र भीती आहे. इमारतीची सुधारणा केली, तर त्या खर्चाच्या आठ टक्के रक्कम वार्षिक भाड्यात कायमची चढवता येते. तिला वरची मर्यादा आहे, तरी पेन्शनवर जगणाऱ्याला ती बोचते. आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. चार मजले चढताना गुडघे बोलू लागले, तेव्हा मी आजीबाईंना सहज म्हणालो, लिफ्ट बसवली तर बरे होईल. जावयाने भाषांतर केले. बाईंनी दोन्ही हात हलवून जोरात नकार दिला.

नंतर जावयाने त्यांना विचारले, एवढ्या मोठ्या जागेत एकटीला जड जात नाही का? त्या म्हणाल्या, जाते. झाडलोट होत नाही, दोन खोल्या बंदच असतात. दोन खोल्यांचे घर शोधले होते. पण नव्या करारात त्याचे भाडे चार खोल्यांपेक्षा जास्त पडत होते. मुलीने सुचवले, आपणच घरे बदलू या. मालकाच्या एजंटाचे उत्तर आले : हरकत नाही, मात्र दोन्ही करार नव्या दराने होतील.

आम्ही निघालो त्या दिवशी आजीबाई दारात उभ्या होत्या. आत, डाव्या हाताला, त्या दोन खोल्यांची दारे बंद दिसत होती. वर धाकटी नात बाथरूमशेजारच्या बोळात टेबल लावून अभ्यास करत होती.