विश्लेषण : चैत्रातल्या साध्या जेवणाची नोंद कोण ठेवणार?

कैरी बाजारात आली की घरोघरच्या बोलण्याचा विषय बदलतो. पन्ह्याला गूळ घातला की साखर, डाळ किती वेळ भिजवली, रात्री नुसता दहीभात केला तर घरातली माणसे कुरकुरतील का, असे प्रश्न जिन्यात, लोकलच्या महिला डब्यात आणि हल्ली कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतात. सणाच्या पदार्थांचे कौतुक होते, त्यांच्या स्पर्धा होतात. रोजच्या रात्रीच्या जेवणाची दखल मात्र कोणी घेत नाही. उन्हाळा लवकर सुरू होऊ लागला असताना याच साध्या ताटाकडे नव्याने पाहण्याची गरज आहे.

वसंताचे ताट म्हणजे काय?

चैत्र आणि वैशाख हे पंचांगातले वसंताचे महिने. प्रत्यक्षात महाराष्ट्रात हा काळ उन्हाचाच असतो आणि स्वयंपाकघर त्याची दखल आधी घेते. पालेभाज्या कमी आणि महाग होतात, म्हणून दुधी, दोडका, पडवळ, काकडी पुढे येतात. कोकणात ओल्या काजूची उसळ आणि कोवळ्या फणसाची भाजी याच दिवसांत होते. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, त्यात किसलेली कैरी मिसळायची आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी द्यायची, की आंबेडाळ तयार. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती पन्ह्यासोबत मिळते. पण अनेक घरांत ती सणापुरती राहत नाही. भाजी सुचली नाही तर रात्री पोळीसोबत तीच वाढली जाते. कैरीचा तक्कू किंवा मेथांबा असला तर मुगाच्या खिचडीलाही दुसरे तोंडीलावणे लागत नाही.

पेयांचेही तसेच. देशावर ताक आणि पन्हे, कोकणात सोलकढी आणि कोकम सरबत, विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीच्या पिठाची आंबील. गोव्यात कोकमाचे तिवळ असते आणि पिणाऱ्यांसाठी काजूच्या बोंडांपासून पहिल्या धारेत निघणारा हुर्राक. तो याच काही महिन्यांत मिळतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. त्या त्या भागात, त्या त्या दिवसांत जे पिकते, तेच ताटात आणि पेल्यात येते.

ऋतूच पुढे सरकतो आहे का?

हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने मार्च २०२२ हा सर्वांत उष्ण मार्च ठरला, तर फेब्रुवारी २०२३ हा तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. म्हणजे ज्या जेवणाची सुरुवात गुढीपाडव्यानंतर व्हायची, त्याची गरज आता शिमग्याआधीच भासू लागते. तेव्हा कैरी पुरेशी आलेली नसते आणि नवे कोकम तर उन्हाळ्याच्या अखेरीस हाती येते. अशा वेळी आदल्या वर्षीची आमसुले, बरणीतले आगळ, साठवलेले मेतकूट कामाला येते. साठवणीचे हे गणित ज्या घरात कोणी जपले आहे, तिथे लवकर आलेला उन्हाळा निभावतो. बाकीच्या घरांत शीतपेयाची बाटली येते.

पन्हे हे ‘ओआरएस’ आहे का?

नाही, आणि हा फरक स्पष्ट असायला हवा. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले असता द्यायच्या ‘ओआरएस’चे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेले आहे. पाकीट मिळेपर्यंतची घरगुती सोय म्हणून एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, असे सांगितले जाते. पन्ह्यात गूळ आणि मीठ दोन्ही असले तरी त्याचे प्रमाण चवीवर ठरते, म्हणून ते औषध नव्हे. उष्माघाताची लक्षणे दिसली, माणूस बरळू लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, तर सरबत पाजत बसू नये. अंग गार करत त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

दुसरी बाजूही पाहायला हवी. बाजारातल्या कोलामध्ये १०० मिलीलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणून घरचे पन्हे चांगले, असे सरसकट म्हटले जाते. घरचे पन्हेही गोडमिट्ट केले तर त्याच्या जवळ पोहोचते आणि गूळ घातल्याने मधुमेहींसाठी ते निर्धोक होत नाही. फरक हा, की घरी हात आवरता येतो. रोजच्या पिण्यासाठी पातळ ताक किंवा बिनसाखरेचे कोकमाचे पाणी अधिक बरे. उच्च रक्तदाब असलेल्यांनी त्यात मीठही बेतानेच घालावे. आजीच्या हातच्या पन्ह्याचे गुण गाताना एवढे भान ठेवलेले बरे.

पुस्तके आहेत, मग सांगावे का लागते?

मराठीत पाककृतींच्या पुस्तकांची परंपरा मोठी आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७०चे. वाटी-चमच्याच्या मापाने ‘रुचिरा’ने कित्येक नवख्या हातांना धीर दिला. पण पुस्तक पदार्थ शिकवते, संध्याकाळ निभावायला शिकवत नाही. सकाळची आमटी उरली आहे, एकाला पथ्याचे हवे, दुसऱ्याला उशीर होणार आहे आणि गॅससमोर अर्ध्या तासाहून जास्त उभे राहवत नाही, अशा वेळी काय करावे, हे पाककृतीत नसते. यंदाची कैरी जास्त आंबट आहे, तर गूळ किती वाढवायचा, हे छापील प्रमाण सांगू शकत नाही. हे ज्ञान एका घरातून दुसऱ्या घरात बोलण्यातूनच जाते. ‘आज आम्ही फक्त मेतकूटभात आणि पापड केला’ असे शेजारीण सहज सांगते, तेव्हा ऐकणारीलाही तेवढ्यावर भागवण्याची मोकळीक मिळते. रोजच्या जेवणाच्या गप्पांचे खरे मोल पाककृतीपेक्षा या मोकळिकीत आहे. सजवलेल्या ताटांची छायाचित्रे नेमकी हीच मोकळीक हिरावून घेतात. त्यांच्याशी तुलना करून साधा स्वयंपाक करणारीला उगाच कमीपणा वाटतो.

उन्हाळ्याचा भार कोणावर?

केंद्र सरकारच्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातल्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया २०१९ मध्ये दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होत्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, तरी ती पुरुषांनी उचलली असे काही दिसत नाही. त्यांचाही वेळ घटलाच.

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर ३७ अंशांवर गेले, की हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करतो. हे मोजमाप घराबाहेरचे. पत्र्याच्या छपराखाली, एकाच खिडकीच्या खोलीत, पेटत्या शेगडीशेजारी भाकरी थापणाऱ्या बाईभोवतीची हवा त्यात धरलेली नसते. उन्हात न जाण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. स्वयंपाकघरातल्या उन्हाचा विचार अपवादानेच होतो.

काय करता येईल?

पहिले, रात्रीचा बेत चुलीच्या वेळेनुसार आखावा. कडधान्ये भिजवणे, कैरी उकडून गर काढून ठेवणे ही कामे सकाळच्या गारव्यात उरकली, तर संध्याकाळी दहीपोहे, कोशिंबीर, खिचडी एवढ्यावर भागते. शिजवलेला भात आणि वाटलेली डाळ या दिवसांत बाहेर लवकर बिघडते. फ्रिज नसेल तर लागेल तेवढेच करावे.

दुसरे, कामाची वाटणी. डाळ वाटणे, कैरी किसणे, ताक घुसळणे यांना कोणतेही खास कसब लागत नाही. ज्याला पन्हे आवडते, त्याला ते करताही यायला हवे.

तिसरे, नोंद. घरातली जी व्यक्ती हे अंदाजाने करते, तिच्याशेजारी उभे राहून ‘किती’, ‘कधी’ आणि ‘नसेल तर काय’ हे तीन प्रश्न विचारून उत्तरे वहीत उतरवावीत. चैत्रगौरीच्या पक्वान्नांपेक्षा मंगळवारच्या रात्रीचा साधा बेत आधी लिहावा, कारण विसरला जातो तो तोच.

उन्हाळा दरवर्षी कसोटी पाहणार आहे. त्याला तोंड देण्याचे एक साधन आपल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच आहे. मात्र ते एकाच व्यक्तीच्या हातात आणि डोक्यात राहिले, तर तिच्या थकण्याबरोबर तेही संपेल. म्हणून ‘आज रात्री काय?’ हा प्रश्न रोज एकीनेच सोडवायचा, ही रीत मोडायला हवी.