अळूचं पान आणि गाडीची काच

पावसाळ्यात संध्याकाळी पोलादपूरहून महाबळेश्वरचा आंबेनळी घाट कधी चढलात? समोरून ट्रकचे दिवे येतात आणि काचेवर नुसता उजेड फरफटतो. वायपर खरखरतोय, पण रस्ता दिसत नाही! “पाऊस फार आहे,” असं आपण म्हणतो. पण बरेचदा खरा चोर असतो तो काचेवरचा तेलकट थर. बाहेरून धूर आणि रस्त्यावरचं तेल, तर आतून उन्हात तापलेल्या डॅशबोर्डची वाफ. सगळं काचेवर बसतं.

एक प्रयोग करा. काचेची ताटली साबणाने लख्ख धुवा. कोरडी झाली की अर्ध्या भागावर तेलाचं बोट फिरवून फडक्याने पुसा. आता पाणी शिंपडा. स्वच्छ भागावर पाणी सपाट पसरतं, आरपार दिसतं. तेलकट भागावर मात्र ते तुटक ठिगळांसारखं राहतं. तिथे प्रकाश वेडावाकडा फाकतो. आता अळूच्या पानावर पाणी टाका. मोती कसे टपाटप घरंगळतात! पानावरचं मेण आणि डोळ्यांना न दिसणारे उंचवटे पाण्याला टेकूच देत नाहीत.

म्हणजे पाणी एकसारखं पसरावं, नाहीतर घरंगळून जावं. अर्धवट तेलकट काचेवर धड हे ना धड ते!

बाजारात पाणी झटकणारे द्रव मिळतात, पण ते स्वच्छ काचेवरच नीट बसतात. घरातलं तेल मात्र चुकूनही लावू नका हं! म्हणून आधी सफाई. गाडी बंद करून, मोठ्यांना सोबत घेऊन, सावलीत कामाला लागा. उन्हात साबणपाणी पुसायच्या आतच वाळतं आणि डाग राहतात. आधी भरपूर पाण्याने धूळ घालवा. कोरड्या धुळीवर वायपर फिरवला तर काचेवर ओरखडे पडतात. मग साबणपाणी, पुन्हा साधं पाणी आणि शेवटी कोरडं सुती फडकं. वायपरचं रबरही ओल्या फडक्याने पुसा.

आणि एक युक्ती! बाहेरून उभं पुसा, आतून आडवं. रेघ राहिली तर कुठल्या बाजूची, ते लगेच कळेल.

अंधारात रस्ता ओलांडणारा माणूस चालकाला वेळेवर दिसायला काच स्वच्छ हवी. तो माणूस क्लासहून घरी परतणारे तुम्हीसुद्धा असू शकता. मग, या रविवारी काढणार ना बादली?