रात्र पाहुण्यांची, गाव कुणाचं?

जपानच्या स्की गावांत 'रात्री काहीच नसतं', अशी पर्यटकांची तक्रार असते. काहीच म्हणजे बारच ना?

नागानो प्रांतातल्या नोझावा ओन्सेनमध्ये गरम झऱ्यांची 13 सार्वजनिक स्नानगृहं आहेत. गावकरीच ती सांभाळतात, पाहुण्यालाही मज्जाव नाही. 15 जानेवारीच्या अग्निउत्सवात 42 वर्षांचे पुरुष लाकडी मनोऱ्यावर बसतात. 25 वर्षांचे पायथ्याशी उभे राहून पेटते पलिते घेऊन आलेल्यांना अडवतात. याला काहीच नाही म्हणायचं?

उलट होक्काइदोतलं हिराफू बघा : बार भरपूर, पाट्या इंग्रजी, जमिनीचे भाव भडकलेले. पैसा येतो, खरंय. पण गावकऱ्यालाच गाव महाग झालं, तर गावाचा माहौल म्हणून तुम्ही विकता तरी काय?